नकलेचे पातक

गेल्या हिवाळ्यात येथील एका व्याख्यानमालेत आमच्या एका विद्वान स्नेह्यांचे अनुकरणाच्या दुष्परिणामांवर भाषण झाले. भाषण उत्तम झाले; त्यांची भाषणे नेहमीच उत्तम होतात. अर्धा तास लोटल्यावर त्यांनी दाखला म्हणून एक हकीकत सांगितली. अमेरिकेत स्थायिक झालेला एक सुशिक्षित मराठी गृहस्थ, हव्या त्या चवीची बिअर जेथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते अशा देशात राहूनही, सुटीचा अख्खा दिवस खर्चून घरच्या गॅरेजात तीच बाजारची बिअर जशीच्या तशी बनविण्याचा खटाटोप करितो. आणि आपल्या शहरात इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक म्हणून मिरविणारा त्याचा सासरा शेजारी उभा राहून पातेले ढवळतो! सभा खळखळून हसली. आम्हीही हसलो, कारण तो सासरा आम्हीच होतो आणि ही हकीकत स्नेह्यांस आम्हीच मोठ्या उत्साहाने सांगितली होती. घरी येईपर्यंत मात्र हसू मावळले. स्नेह्यांनी पुढे जो सिद्धांत काढला, की स्वतंत्र निर्मितीची ऐपत नसलेला समाज शेवटी नकलेतच धन्यता मानू लागतो, तो आमच्या मनातून जाईना. त्यास उत्तर देणे आम्हांस भाग आहे. आणि सभेत हजरजबाबीपणा आम्हांस कधीच साधला नसल्यामुळे ते आम्ही येथे देत आहो.

प्रथम एक खुलासा. आम्ही मद्यपानाची वकिली करीत नाही. दारूने धुळीस मिळालेली घरे आम्ही आमच्याच आळीत पाहिली आहेत, आणि त्या बाबतीत कोणी कठोर बोलू लागला तर आम्ही त्याच्या बाजूचे आहो. आमचे स्वतःचे पिणे म्हणाल तर वर्षाकाठी दोनचार पेले. स्नेह्यांचा रोखही पिण्यावर नव्हता. ते स्वतः परवानाधारक आहेत. त्यांचा रोख करण्यावर, आणि त्यातही नक्कल करण्यावर होता.

आता आम्ही काय पाहिले ते सांगतो. आमची ज्येष्ठ कन्या कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोजवळ राहते. तेथून उत्तरेस सुमारे ९० मैलांवर चिको नावाचे गाव आहे, आणि त्या गावी ‘सिएरा नेवाडा’ या नावाची जी पेल एल तयार होते ती आमच्या जावईबापूंची अत्यंत आवडती. रंग तांबूस सोनेरी, चवीस कडवटपणा स्पष्ट, आणि नाकाशी पेला नेताच संत्र्यामोसंब्याच्या सालीसारखा व पाइनच्या लाकडासारखा एक वास. बाटलीवरच्या आकड्याप्रमाणे मद्यार्क ५.६ टक्के. ही बिअर घरी करून पाहावयाची, असे जावईबापूंनी ठरविले होते, आणि उन्हाळ्याच्या सुटीत गेलेले आम्ही त्यांच्या हाती आयते सापडलो.

ज्यांस या कृतीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोड आणून भट्टीत वाळविलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून घ्यावयाचे. त्यात रंगासाठी व गोडीसाठी थोडे कॅरमेल माल्ट मिसळावयाचे. आणि हा भरडा सुमारे ६७ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात तासभर झाकून ठेवावयाचा. एवढ्या अवधीत मोडामधील एन्झाइमे जवातल्या पिठाची साखर करितात. पाणी दोन अंशांनी अधिक तापले तर बिअर जडगोड होते, कमी तापले तर पातळ व कोरडी. मग ते गोड पाणी गाळून तासभर खळखळ उकळावयाचे. उकळीच्या आरंभी घातलेली हॉप वेलीची फुले कडूपणा देतात. शेवटी घातलेली वास देतात, कारण वासाची तेले उकळीत उडून जातात. फोडणी आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांतील भेद ज्यांस कळतो त्यांस हे निराळे समजावून सांगणे नको. पुढे ते सर्व झपाट्याने निववून त्यात यीस्ट घालावयाचे, म्हणजे एका परीने विरजण लावावयाचे, आणि दोन आठवडे वाट पाहावयाची. बाटल्यांत भरताना किंचित साखर घातली की झाकणाआड पुन्हा थोडे आंबून फेस धरतो. एका घाण्यात पाच गॅलन, म्हणजे जवळजवळ १९ लिटर बिअर होते. “बाबा, आता कढीसारखी उतू जाईल, नजर हलवू नका,” असे जावईबापूंनी आम्हांस बजावले होते. आम्ही हलविली, आणि ती उतू गेली.

पहिला घाणा बिघडला. तयार झाल्यावर जावईबापूंनी एक परीक्षा योजिली. एकसारखे तीन पेले. दोहोंत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कोणता पेला निराळा ते डोळे मिटून ओळखावयाचे. आमच्या सौभाग्यवती, ज्यांनी जन्मात बिअर चाखली नाही, त्यांनी पेले केवळ हुंगले आणि क्षणार्धात एक पेला पुढे सारून म्हटले, “ह्यात दवाखान्याचा वास येतो आहे.” वास होताच. दोन दिवस जावईबापू पुस्तकांत डोके घालून बसले, तेव्हा उलगडा झाला. नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी घातलेले क्लोरीन आणि माल्टमधील फिनॉल यांच्या संयोगाने जे द्रव्य होते ते अब्जांश प्रमाणात असले तरी नाकास झोंबते, आणि त्याचा वास मलमपट्टीसारखा असतो. शिवाय त्या आठवड्यात गॅरेज ३० अंशांपलीकडे तापले होते. यीस्ट स्वतःही उष्णता निर्माण करिते. त्याला १८ ते २० अंश मानवतात. तापले की ते फळकट, झोंबरे पदार्थ करू लागते. दुसऱ्या घाण्याच्या वेळी पाण्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट पडली आणि पिंप बर्फाच्या बाटल्यांसह पाण्याच्या टबात बसले. दवाखाना गेला. तरी तिसरा पेला ओळखू येतच होता. नारिंगी वास मूळ बिअरीत टवटवीत, आमच्यात शिळा. हॉप्सचे पुडके कित्येक महिने उघडे पडून होते, हे मग ध्यानात आले.

आता आम्ही स्नेह्यांस विचारतो: ह्या दोन घाण्यांत जे घडले त्यास अवनती म्हणावयाचे काय? ज्या गृहस्थाने दहा वर्षे ती बिअर केवळ पिऊन “वा!” एवढेच म्हटले होते त्याला आज पाणी, उष्णता, वेळ आणि वास यांचा कार्यकारणसंबंध कळतो. हे ज्ञान त्याला स्वतंत्र निर्मितीने आले नसते. मनास येईल ते मिश्रण करून जे निघेल त्यास आपली प्रतिभा म्हणण्याची सोय ज्याला आहे त्याची चूक त्याला दाखविणार कोण? मलमपट्टीचा वास हीच आपली शैली, असे तो खुशाल म्हणू शकतो. म्हणणारे आमच्या वाङ्मयात थोडे नाहीत. नक्कल करणाऱ्याला ही सोय नसते. शेजारच्या पेल्यात अस्सल वस्तू उभी असते.

परंतु ती अस्सल वस्तू तरी किती अस्सल? स्नेह्यांच्या सिद्धांतास खरा धोका येथे आहे, आणि येथे आम्ही जरा रेंगाळणार आहो.

‘सिएरा नेवाडा’चे संस्थापक केन ग्रॉसमन हे मुळात घरी बिअर करणारे गृहस्थ. १९७६ साली त्यांनी चिकोत घरगुती बिअरीचे साहित्य विकणारे दुकान काढले. १९७९ साली पॉल कमूसी या सहकाऱ्याबरोबर कंपनी स्थापिली आणि दुग्धालयांतली जुनी भांडी जोडून १९८० साली पहिला घाणा काढला. मनासारखी पेल एल साधेपर्यंत त्यांनी घाण्यांमागून घाणे ओतून दिले, हे प्रसिद्ध आहे. त्यांच्या आधी, १९७६ सालीच, जॅक मकॉलिफ यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे ‘न्यू अल्बियन’ ब्रुअरी काढली होती. हे मकॉलिफ अमेरिकन आरमाराच्या नोकरीत स्कॉटलंडमध्ये असताना तेथील एल चाखून मोहित झाले आणि घरी ती करावयास शिकले. त्यांची ब्रुअरी १९८२ साली बंद पडली. परंतु ग्रॉसमन तीच पाहून आले होते. म्हणजे जावईबापू ज्याची नक्कल करीत होते ते स्वतः नकलाकार, आणि ज्यांच्यापासून त्यांनी स्फूर्ती घेतली तेही नकलाकार! इंग्रजी पेल एल आपल्या गावी करावी एवढीच त्या दोघांची इच्छा होती. ती हुबेहूब साधली नाही, कारण त्यांच्या हाताशी अमेरिकन हॉप होते. त्यांतले मुख्य कॅस्केड. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या ऑरेगनमधील प्रयोगांतून निघून १९७२ साली लागवडीस खुले झाले. त्याच्या वंशात इंग्लंडचे फगल आहे आणि रशियाचे सेरेब्रियान्का आहे. पण वास ना इंग्लंडचा ना रशियाचा. तो नारिंगी वास इंग्रज परीक्षकाने दोष मानला असता. आज जगभर पेल एल म्हटली की पुष्कळांस तोच वास अपेक्षित असतो.

कोणी म्हणेल, मग मूळ वस्तू इंग्लंडात आहे; तिच्यापाशी तरी थांबा. थांबावयास आम्ही तयार आहो, पण तेथेही पाय ठरत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील हॉजसन यांची फिकी बिअर कंपनीच्या जहाजांतून आपल्या मुंबईस, कलकत्त्यास आणि मद्रासेस येत असे, आणि येथील गोऱ्या अंमलदारांच्या मेजांवर तिचे राज्य होते. १८२० नंतरच्या वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या एका डायरेक्टराने बर्टनच्या ऑलसॉप नामक ब्रुअरापुढे हॉजसनची बाटली ठेवून, अशी तुम्हांस करिता येईल काय, असे विचारले. ऑलसॉपच्या माणसाने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बर्टनची बिअर हॉजसनवर मात करून गेली यात शंका नाही. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश विपुल, आणि त्यामुळे हॉपचा कडवटपणा खुलतो. पुढे इतर गावचे ब्रुअर आपापल्या पाण्यात जिप्सम मिसळून बर्टनची नक्कल करू लागले, आणि त्या क्रियेस ‘बर्टनायझेशन’ असे भारदस्त नावही मिळाले. तेव्हा जिला ‘इंडिया पेल एल’ म्हणून पेठेत मान आहे तिचा बर्टनी अवतार म्हणजे मागणीबरहुकूम केलेली नक्कल होय. आमच्या स्नेह्यांनी आता कोणत्या पिढीत जाऊन अस्सलपणाचा शिक्का मारावयाचा ते सांगावे.

नक्कल आणि चोरी यांत स्नेही भेद करीत नाहीत, हे त्यांच्या विवेचनातले दुसरे वैगुण्य. जावईबापूंची बिअर विक्रीस जात नाही. तीवर चिकोचे लेबल लागत नाही. ती शेजाऱ्यांस पाजली जाते ती “आमची फसलेली सिएरा” म्हणून. आणि ज्याची नक्कल होते त्यालाही तिचे वावडे दिसत नाही. बाटलीच्या तळाशी थोडे जिवंत यीस्ट राहू देण्याची त्या कंपनीची जुनी रीत आहे, आणि घरी बिअर करणारे कित्येक लोक तो गाळ साखरेच्या पाण्यात वाढवून आपल्या घाण्यास तेच विरजण लावीत आले आहेत. चोरी म्हणजे आमचे विद्यार्थी परीक्षेत गाइडांतून उतरवितात ती. तीत शेजारी मूळ ठेवून ताडून पाहण्याची हिंमत नसते. उलट मूळ कोणाच्या दृष्टीस पडू नये हीच धडपड असते. हा भेद आम्हांसही उशिराच कळला, हे कबूल करितो. अठ्ठावीस वर्षे आम्ही निबंधांच्या समासांत “अनुकरण टाळा” असा लाल शेरा मारीत आलो. एका मुलाने एकदा आपल्या आवडत्या लेखकाच्या धाटणीवर, तसे वर स्पष्ट लिहून, चार पाने लिहिली होती. त्याला आम्ही गाइडातून उतरविणाऱ्याच्या पंक्तीस बसविले. तो पुन्हा आमच्याकडे काही दाखवावयास आला नाही. गॅरेजात पातेले ढवळताना तो मुलगा आम्हांस का आठवावा, हे स्नेह्यांस कळणार नाही. आम्हांस कळते.

आणि स्नेह्यांनी स्वतःच्या आवडीनिवडीही एकदा तपासाव्या. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ त्यांस तोंडपाठ आहे, आणि त्यातील पदे ते बरी म्हणतात. ते नाटक फ्रान्सच्या मोलिएरपासून इंग्लंडच्या मर्फीच्या हातून मराठीत आले, हे त्यांस ठाऊक नाही असे नव्हे. तरी फाल्गुनराव त्यांस पुण्याचा वाटतो. त्यांच्या घरी दर दिवाळीत बाजारच्या एका नामांकित दुकानासारखी बाकरवडी करण्याचा घाट घातला जातो, “अगदी तश्शीच झाली!” हे तेथे सर्वोच्च प्रशस्तिपत्र असते, आणि ते देणारे आमचे स्नेहीच असतात. वहिनींच्या बाकरवडीने महाराष्ट्राची अवनती झाल्याचे त्यांनी अद्याप कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेले नाही.

विकत मिळते ते करावे कशाला, या आक्षेपावर आम्ही फार शाई खर्चणार नाही. पैशाच्या हिशेबाने तो आक्षेप खरा आहे. भांडी, नळ्या आणि उतू गेलेले अर्धे पातेले धरता जावईबापूंची बिअर बाजारभावापेक्षा महागच पडली. त्या हिशेबाने सतारही शिकू नये. ध्वनिमुद्रिका स्वस्त असतात.

कायद्याचा मुद्दा मात्र एका वाक्यात आटोपणारा नाही, कारण स्नेह्यांनी जाता जाता असेही सुचविले की आपल्याकडे जो गुन्हा आहे तो तिकडे जाऊन करण्यात कसले आले भूषण! अमेरिकेतही तो काल-परवापर्यंत गुन्हाच होता. तेथील दारूबंदी १९२० साली आली आणि १९३३ साली उठली. घरी द्राक्षासव करण्यास मुभा मिळाली, बिअरीस मिळाली नाही. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांची सही झाली आणि पुढील फेब्रुवारीपासून प्रत्येक प्रौढास वर्षाकाठी १०० गॅलन व एका घरास अधिकात अधिक २०० गॅलन बिअर, विक्रीसाठी नसल्यास, करमुक्त झाली. ब्रिटनने घरगुती बिअरीवरील परवान्याची अट १९६३ साली काढून टाकली होती. अमेरिकेतही सर्व संस्थाने एकदम वळली नाहीत. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी परवानगी दिली ती २०१३ साली. परवानगीने लोक घरोघरी लोळू लागले असे झाले नाही. झाले ते एवढेच, की स्वयंपाकघरांतून आणि गॅरेजांतून ब्रुअर निपजले, आणि मोजक्या बड्या कंपन्यांची एकच एक फिकी बिअर पिणाऱ्या देशात हजारो लहान ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या.

आमच्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव पालटून आजही उभा आहे. त्याच्या आश्रयाने परवाना खिशात घालून मनुष्य बाटली विकत घेऊ शकतो. परंतु घरी दोन शेर जव भिजवून बिअर करील तर त्याला विनापरवाना दारू पाडणाऱ्याच्या रांगेत बसावे लागेल. २००९ साली पुण्यात ‘डुलाली’ नावाची छोटी ब्रुअरी निघाली. हे नाव देवळालीच्या छावणीतील गोऱ्या सोल्जरांनी त्या गावाच्या नावाचा जो अपभ्रंश केला त्यावरून आले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. म्हणजे परवाना घेऊन धंद्यासाठी करण्यास वाट आहे. हौसेने, न विकण्यासाठी करण्यास नाही. हातभट्टीची भीती आम्ही जाणतो. २००४ साली विक्रोळीस आणि २०१५ साली मालवणीस विषारी दारूने जे बळी घेतले ते आम्ही विसरलो नाही. परंतु मालवणीस माणसे मेली ती दारूत मिसळलेल्या मेथॅनॉलने, आणि मिसळणाऱ्यांचा तो धंदा होता. उकळून आंबविलेल्या जवाच्या पाण्यात ऊर्ध्वपातन नाही, भट्टी नाही आणि गिऱ्हाईकही नाही. कायदा जोवर आहे तोवर तो पाळला पाहिजे; आम्ही पुण्यात पातेले चढविलेले नाही आणि चढविणारही नाही. परंतु विकत घेणाऱ्यास सभ्य आणि करणाऱ्यास गुन्हेगार ठरविणारी ही व्यवस्था आम्हांस उफराटी वाटते, आणि आमच्या स्नेह्यांचा सिद्धांत तिचाच सख्खा भाऊ वाटतो. दोघांसही गिऱ्हाईक चालते. हात घालणारा चालत नाही.

हा लेख पुरा होत असता कन्येचे पत्र आले. तिसऱ्या घाण्यास ताजे हॉप मिळाले. तीन पेल्यांच्या परीक्षेस शेजारचे सहाजण बसले. दोघांनी निराळा पेला बरोबर ओळखला, चौघे चुकले, आणि चुकलेल्यांत जावईबापू स्वतः होते. नुसत्या अदमासाने बोट ठेवले तरी सहांत दोघे बरोबर यावयाचेच, असा हिशेब तिने समासात करून दाखविला आहे. तिने असेही लिहिले आहे की पुढल्या खेपेस ते शेवटचे हॉप दुप्पट घालून पाहणार आहेत. चिकोची बिअर त्यांस आता थोडी कमी वासाची वाटू लागली आहे. हे पत्र आम्ही स्नेह्यांस वाचावयास पाठविले आहे. अद्याप ते परत आलेले नाही.